कोपऱ्यावरील गादीच्या भवानीची बखर

श्री अन्नपूर्णा रक्षो. जेथें जेथें चूल पेटते तेथें तेथें तिची छाया असो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, या सालीं थोरल्या शहरांतील जुन्या पेठेच्या कोपऱ्यावरची किराण्याची गादी मोडली. ती कोणी मोडली, लढाई जाहली कीं तह जाहला, याविषयीं लोक नाना प्रकारें बोलतात, आणि बोलणाऱ्यांत पुष्कळ असे आहेत कीं ज्यांनीं तेथून साऱ्या वर्षांत मूठभर शेंगदाणेही घेतले नव्हते. म्हणोन घडलें तसें लिहोन ठेवावें ऐसें चित्तीं आलें. सेवकानें जें डोळ्यांनीं पाहिलें आणि जें भरंवशाच्या माणसांकडोन ऐकिलें तेवढेंच येथें आहे. पदरचें कांहीं घातलें असेल तर ते उसासे.

त्या गादीवर त्र्यंबकशेट कोठावदे राज्य करीत होते. मूळचे तापीकांठचे लाड वाणी, त्यांचे आजे एक तराजू आणि एक पोतें घेऊन या शहरीं आले आणि कोपरा धरोन बसले, मग तीर्थरूपांनीं फळ्यांच्या जागीं शटर केलें आणि त्र्यंबकशेटांनीं शटरावर निळा रंग दिला, आणि इतक्यांत तीन पिढ्या निघोन गेल्या. राज्याचा विस्तार म्हणाल तर पूर्वेस पिठाची गिरण, पश्चिमेस दत्ताचें देऊळ, आणि मधल्या सर्व चुली शेटांच्या अमलाखालीं. कोणाकडे पाहुणे आले हें साखरेवरून कळे आणि कोणाकडे भांडण जाहलें हें एकाच घरांतून दोघे निरनिराळे येऊन चहापत्ती मागूं लागले म्हणजे कळे. शेट बोलण्यास कमी, गुडघ्यांनीं अधू, स्वभावें हट्टी. दुकानाच्या माथ्यावरच घर, आणि तेथील स्वयंपाकघरांत त्यांच्या पत्नी द्वारकाबाईसाहेब यांचें राज्य निराळें होतें, आणि तेथें शेटांचा हट्ट चालत नसे.

या गादीचा एक कायदा होता आणि तोच पेठेंतल्या सर्व वाण्यांचा कायदा होता. सकाळची पहिली विक्री, तीस भवानी म्हणतात. भवानी होईतों शेट बसत नसत, चहा घेत नसत, आणि पहिल्या गिऱ्हाइकास ‘नाहीं’ हा शब्द ऐकवीत नसत. मागितलेला जिन्नस दुकानांत नसला तर मागल्या दारानें दुसऱ्या वाण्याकडोन आणवीत, परंतु त्यास रिकाम्या हातीं परत धाडीत नसत. आलेले पैसे डोळ्यांस लावून गल्ल्यांत टाकीत आणि मग बैठक मारीत. शिवाय ऐसी चाल होती कीं पेठेंत कोणी नवें दुकान घातलें तर सर्वांत वडील वाण्यानें आपण होऊन जावें आणि तेथें भवानी करावी, मग तो नवा दुकानदार आपलें गिऱ्हाईक ओढण्यास बसला असेना कां. त्र्यंबकशेट वडील, म्हणोन हा मान त्यांचा. पूर्वीं नाक्यावर काचेचें मोठें दुकान आलें होतें, आंत गार वारा आणि ढकलगाड्या, तेव्हां शेट धुतलेलें धोतर नेसोन गेले आणि शेरभर गूळ घेऊन आले. आंतील मंडळींनीं त्यांचा फोटो काढिला. तें दुकान पुढें आपणच बुडालें, परंतु पेठेचें म्हणणें असें कीं शेटांचा हात लागला म्हणोन तें इतकें तरी टिकलें.

मग या सालीं नवी सत्ता आली. गिरणीमागें जुना छापखाना बंद पडला होता, ती जागा परमुलखांतील एका कंपनीनें घेतली, आणि खिडक्यांच्या कांचांस आंतून पांढरा रंग फांसला, आणि पाटी लाविली नाहीं, आणि शटर अर्धेंच उघडें ठेविलें. आंत डाळ तांदूळ तेल साबण सर्व कांहीं खच्चून भरलें, परंतु दुकान म्हणावें तर तेथें गिऱ्हाइकास वाटच नाहीं. लोकांनीं घरीं बसोन मोबाईलवर बोट ठेवावें, आणि पोरानें तोंड धुवून यावें इतक्यांत एका रंगाचे सदरे घातलेले स्वार दुचाकीवरोन दारीं हजर व्हावे. सेवकानें पुष्कळ दुकानें पाहिलीं, परंतु तोंड लपवून बसलेलें दुकान हें पहिलेंच. तरी कायदा तो कायदा. त्र्यंबकशेट पिशवी घेऊन तेथेंही गेले.

दारावर चौकीदार होता, तो म्हणाला, “काका, आत जाता येत नाही. इथं गिऱ्हाईक येत नसतं.”

शेट म्हणाले, “मी गिऱ्हाईक म्हणून नाही आलो. भवानी करायला आलोय. कोपऱ्यावरचा कोठावदे मी.”

चौकीदारास हें उमगेना, म्हणोन त्यानें आंतील सुभेदारास बोलाविलें. सुभेदार म्हणजे निनाद गोसावी नांवाचा गृहस्थ, कंपनीनें ठेविलेला, कानांत यंत्र, बोलण्यांत नम्र. त्यानें शेटांस खुर्ची दिली, सर्व ऐकोन घेतलें आणि म्हणाला, “काका, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण हातानं विकायची सोयच नाही हो आमच्याकडं. पैसे घ्यायला गल्ला नाही. तुम्ही ॲपवरून मागवा, मी स्वतः आणून देतो.”

“मग पहिली विक्री कुणाला केलीत?”

“ते सिस्टीमला माहीत. मला दिसत नाही.”

शेटांनीं रिकामी पिशवी घडी करोन काखेंत धरिली आणि परतले. ज्या राज्यास आपली पहिली विक्री कोणास जाहली हें ठाऊक नाहीं त्याच्याशीं लढावें कसें, हें त्यांस कळेना. घरीं येऊन द्वारकाबाईंस एवढेंच म्हणाले कीं आज हात तसाच परत आणला. त्या दिवशीं ते जेवले थोडें.

त्यानंतर गादीची गिऱ्हाइकी ओसरूं लागली. आधीं तेलाचे डबे जागचे हलेनात, मग डाळी, मग साबण. चिरंजीव हेमंतराव हे दुसरीकडे नोकरीस होते, मुलगा गुणाचा, बापावर माया करणारा. त्यांजकडे कंपनीचा निरोप आला कीं छापखान्याची जागा पुरत नाहीं, कोपऱ्याचें दुकान आम्हांस भाड्यानें द्या, भाडें चांगलें देऊं. हेमंतरावांनीं योग्य समय पाहोन बापापुढें गोष्ट काढिली. “अण्णा, तुमचे गुडघे बघा. दिवसभर उभं राहून करायचं काय? कुणी येतं का?” शेट उठोन पोतीं झांकावयास गेले. दुसऱ्या दिवशीं म्हणाले, “ज्या दिवशी या दुकानात भवानी होणार नाही, त्या दिवशी संध्याकाळी किल्ल्या तुझ्या हातात देईन. तोवर विषय काढू नको.” हेमंतरावांनीं कबूल केलें. देवाच्या तसबिरीपुढें हें बोलणें जाहलें, म्हणोन तें वचन ठरलें, आणि तेव्हांपासोन गादीचें जीवित एका पहिल्या गिऱ्हाइकावर टांगून राहिलें.

द्वारकाबाईंच्या पोटीं ही गोष्ट राहिना. समोरच्या चाळींत दुसऱ्या मजल्यावर मंदाकिनीबाई पोफळे राहत, त्यांस सर्व पेठ मंदावहिनी म्हणे, आणि पेठेंतील बायकांची भिशी त्या चालवीत. भिशीचे पैसे दर महिन्यास कोणाच्या घरीं जावे, कोणी कोणाशीं पाळी बदलावी, हें त्या ऐशा शिताफीनें पाहत कीं आजवर कोणाचें भांडण जाहलें नव्हतें. द्वारकाबाईंनीं त्यांजपाशीं मन मोकळें केलें. मंदावहिनींस फार वाईट वाटलें, डोळे भरोन आले. मग त्यांनीं भिशीच्या बायकांची मसलत बसविली आणि सर्वांनुमतें ठराव केला कीं शेटांचें दुकान राहिलें पाहिजे, आणि तें भवानीवर राहतें, तर भवानी आपण चुकूं द्यायची नाहीं. वार वांटून घेतले. सोमवार नसीमबी बागवान यांचा, मंगळवार स्वतः मंदावहिनींचा, बुधवार सुलभाबाईंचा, याप्रमाणें आठवडा भरला. जिचा वार तिनें दुकान उघडतांच जावें आणि कांहींही घ्यावें, कोणी काड्यापेटी, कोणी पाव किलो गूळ. हें करतांना कोणाच्या मनांत खोट नव्हती. सेवक हें जोर देऊन लिहितो, कारण पुढें जें जाहलें तें या चांगुलपणांतूनच जाहलें.

तें ऐसें कीं भवानी जाहली म्हणजे सर्व पेठेचें मन निवांत होई. शेटांचें आज भागलें, दुकान वांचलें, आपलें कर्तव्य जाहलें, ऐसें समजोन जो तो घरीं जाई आणि महिन्याचें सामान मोबाईलवर मागवी. ज्यांचा वार नसे ते तर दुकानाकडे पाहतही नसत, कारण आज दुसरीचा वार आहे हें त्यांस ठाऊक. सकाळीं एक गिऱ्हाईक बिनचूक येई आणि मग संध्याकाळपर्यंत चिटपांखरूंही फिरकत नसे. शेटांस हें कोडें पडलें. भवानी तर वेळेवर होते, तीही सवाशिणीच्या हातची, मग मागोमाग कोणी कां येत नाहीं? त्यांस वाटलें आपलेंच कांहीं चुकलें. त्यांनीं गणपतीच्या तसबिरीची जागा बदलली, डाळी उन्हांत घालोन पुन्हां निवडिल्या, शटरास पुन्हां निळा रंग दिला, तराजू चिंचेनें घांसला. द्वारकाबाई खिडकींतून हें पाहत. त्यांस ठाऊक होतें, आणि सांगण्याचा धीर होत नव्हता.

मग मार्गशीर्षांतला एक मंगळवार उगवला. नसीमबी भाचीच्या लग्नास गांवीं गेल्या होत्या, त्यांचा सोमवार दुसरीनें कसाबसा भागविला होता, आणि तो फेडावा म्हणोन त्या मंगळवारीं सकाळींच आल्या. तोंच मंदावहिनी जिना उतरोन आल्या. शेट तराजूपाशीं उभे होते. दोघी दुकानाच्या पायरीवर समोरासमोर आल्या आणि हळू आवाजांत बोलूं लागल्या, परंतु शेटांचे गुडघे अधू होते, कान नव्हते.

“मंदावहिनी, आज मी करते. सोमवार बुडाला ना माझा.”

“अगं, पण मंगळवार माझा आहे. तू उद्याचा घे.”

“उद्या सुलभाताईचा. ती देते होय?”

शेटांनीं विचारिलें, “कसला वार?”

मंदावहिनी खालीं पाहूं लागल्या. नसीमबींस खोटें बोलणें जमत नसे, त्या म्हणाल्या, “भवानीचा, शेट. आम्ही वार वाटून घेतलेत. तुमचं दुकान ऱ्हावं म्हणून.”

शेटांनीं हातांतील माप खालीं ठेविलें. “आणि घरातलं सामान?”

 कोपऱ्यावरोन एक स्वार गेला, तोच उत्तर देऊन गेला म्हणा. मग शेट मंदावहिनींस म्हणाले, “वहिनी, आज काय घ्यायला आला होता?”

“पाव किलो गूळ.”

“घरात गूळ नाही का?”

“आहे.” मग थांबोन म्हणाल्या, “बराच साचलाय.”

“आणि नसीमबी, तुम्हाला?”

“काड्यापेटी. पण घरी ढीग झालाय, शेट, खोटं कशाला बोलू.”

“मग आज नाही,” शेट म्हणाले.

मंदावहिनींचा चेहरा उतरला. “शेट, भवानीच्या वेळी नाही म्हणता?”

“म्हणतो. तुम्ही रोज आजाऱ्याला बघायला यावं तशा येत होता, वहिनी. मी आपला खूश व्हायचो. मला वाटायचं गिऱ्हाईक आलं.”

आवाज चढविला नाहीं, राग दाखविला नाहीं. दोघी बायका रिकाम्या हातीं पायरी उतरल्या. त्या दुकानाच्या पायरीवरोन पहिलें गिऱ्हाईक रिकाम्या हातीं उतरण्याची तीन पिढ्यांत ती पहिलीच वेळ. दोघींस इतकी लाज वाटली कीं त्यांनीं घडलेलें कोणास सांगितलें नाहीं. त्यामुळें पेठ समजली कीं आज मंगळवार, मंदावहिनींचा वार, भवानी जाहली असेल.

शेटांनीं दुकान उघडेंच ठेविलें. मनाशीं ठरविलें कीं ज्यास खरोखर कांहीं पाहिजे ऐसा एक माणूस आला, त्यानें चार लवंगा जरी मागितल्या, तरी भवानी जाहली समजूं आणि गादी सोडणार नाहीं. भवानी नाहीं म्हणोन बसले नाहींत, चहा घेतला नाहीं. तराजूवर हात ठेवोन उभे राहिले. माणसें आलीं नाहींत ऐसें नाहीं. एक गृहस्थ नोट मोडून घेण्यास आले, त्यांस सुटे दिले. एका सूनबाईंनीं घराची किल्ली ठेविली, सासूबाई आल्या कीं द्या म्हणाल्या. कुरिअरवाल्यानें तिघांचीं पार्सलें आणोन ठेविलीं, कारण पेठेंत घरीं कोणी नसलें म्हणजे पार्सल शेटांकडे. सर्व पेठेस तें दुकान लागत होतें, आणि तेथून घ्यावयाचें मात्र कांहीं नव्हतें. सेवकास हें लिहितांना आज वाईट वाटतें, परंतु खोटें लिहवत नाहीं.

दुपार कलतांना कंपनीचा एक स्वार दुचाकी थांबवोन आला. वयानें पन्नाशीकडे झुकलेला, पूर्वीं कुठल्याशा कारखान्यांत होता, तो बंद पडला म्हणोन या फौजेंत आलेला. हातांतल्या पिशवींत तूरडाळ, तेल, साबुदाणा. म्हणाला, “शेट, पोफळे कुठं राहतात?”

शेटांनीं पिशवी पाहिली. “समोर, दुसरा मजला. जिना अंधारा आहे, जपून जा.”

स्वार देऊन परत आला आणि पाणी मागितलें. शेटांनीं माठांतलें तांब्याभर दिलें. तो उभ्यानेंच प्याला, तोंड पुसलें, आणि दुकानावर नजर फिरवोन म्हणाला, “एक बिस्किटपुडा द्या.”

शेटांचा हात बरणीकडे गेला होता, तो मध्येंच थांबला. “भूक लागलीय का?”

“नाही, आत्ताच डबा खाल्ला. तुम्ही पाणी दिलंत, म्हणून म्हटलं काहीतरी घ्यावं.”

“पाण्याचं काही घ्यायचं नसतं,” शेट म्हणाले, “भूक लागली की या.” स्वारानें मान डोलाविली आणि निघोन गेला. शत्रूकडचा माणूस, परंतु मनानें चांगला होता, आणि तो भुकेला असता तर गादी त्या दिवशीं वांचली असती.

संध्याकाळीं हेमंतराव नोकरीवरोन आले. बाप उभा, चहाचा कप तसाच, गणपतीपुढें उदबत्ती जळोन गेलेली. त्यांनीं आईकडे पाहिलें, आणि द्वारकाबाईंनीं डोळ्यांस पदर लाविला, तेव्हां सर्व उमगलें. ज्या दिवसाची हेमंतरावांनीं इतके महिने वाट पाहिली तो दिवस आला होता, आणि तो आलेला त्यांस पाहवेना. त्यांनीं खिशांतून पैसे काढिले आणि तराजूपुढें ठेविले. “अण्णा, एक साबण द्या. घरचा संपलाय. खरंच संपलाय.”

शेट फळीवरच्या साबणाकडे वळले. मग म्हणाले, “घरच्याची भवानी होत नाही रे, बाळा.” त्यांनीं साबण काढोन दिला, पैसे परत केले, दत्ताच्या देवळांत आरतीची घंटा होईतों वाट पाहिली, मग शटर ओढिलें आणि किल्ल्यांचा जुडगा मुलाच्या हातीं दिला. मग पायरीवर बसले. त्या दिवशीं ते तेव्हां पहिल्यानें बसले.

दुसऱ्या दिवशीं सुलभाबाई आपला वार म्हणोन सकाळींच आल्या तों शटर बंद. बातमी पेठभर पसरली. बायका जमल्या, मंदावहिनी रडूं लागल्या आणि पुनःपुन्हां म्हणाल्या, “आम्ही तर एक दिवस चुकवला नव्हता.” हें खरें होतें. महिना संपण्यापूर्वीं कंपनीचीं माणसें आलीं, मापें आणि बरण्या बाहेर काढिल्या, आणि दुकानास कांचा बसवोन त्यांस आंतून पांढरा रंग दिला. पार्सलें ठेवण्यास जागा नाहीं म्हणोन पेठ हल्लीं फार कुरकुरते.

मग एके दिवशीं कोठावद्यांच्या घरांतलें मीठ संपलें. जन्मांत त्या घरीं कोणीं किराणा विकत आणिला नव्हता, डबा रिता जाहला कीं खालीं उतरायचें आणि भरोन घ्यायचा. घरच्या सूनबाईंनीं, म्हणजे हेमंतरावांच्या पत्नीनें, मोबाईल हातीं घेतला तों शेट म्हणाले कीं मी आणतों. पिशवी घेऊन दोन गल्ल्या ओलांडोन ते दुसऱ्या पेठेंत एका वाण्याकडे गेले. पुढें दोन गिऱ्हाइकें होतीं, त्यांच्या मागें उभे राहिले. गिऱ्हाइकानें काय बोलावें, हात कोठें ठेवावे, हें त्यांस ठाऊक नव्हतें. त्या वाण्यानें त्यांस ओळखिलें, गडबडोन उठला आणि म्हणाला, “शेट, तुम्ही? आत या, बसा. काही काम होतं का?”

“बसत नाही,” त्र्यंबकशेट म्हणाले. “मीठ द्या. लागतंय म्हणून आलोय.”

येणेंप्रमाणें कोपऱ्यावरील गादी तीन पिढ्या चालोन शके एकोणीसशें शेहेचाळीसांत मोडली. लढाई जाहली नाहीं, तह जाहला नाहीं. पेठेची शेटांवर माया होती, ती शेवटपर्यंत कमी जाहली नाहीं, आणि सामान पेठेनें दुसरीकडोन घेतलें. जसें घडलें तसें लिहिलें, अधिक लिहवत नाहीं, म्हणोन लेखणी येथें ठेविली.